जमिनीवर कुदळ घालण्यापूर्वी : जागेची पाहणी व आखणी

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना माणसाच्या वाट्याला येणाऱ्या अडचणींचा अनुभव या म्हणीत साठविलेला आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास असे आढळून येते की, यांपैकी पुष्कळशा अडचणी घराच्या नसून जागेच्या असतात. पाया खचतो, भिंतीला तडा जातो, गोठ्यात ओल येते, विहिरीचे पाणी बिघडते, पहिल्याच पावसात रस्ता वाहून जातो. आणि दोष मात्र गवंड्याला दिला जातो. वास्तविक गवंडी कामावर येण्यापूर्वीच चूक झालेली असते. ती जागा निवडताना आणि जागा सपाट करताना झालेली असते.

गावठाणाचा विस्तार असो, शेतावरील घर व गोठा असो, सहकारी संस्थेचे गोदाम असो किंवा शाळेची नवी इमारत असो, जागा पसंत करताना आपण बहुधा तीनच गोष्टी पाहतो : रस्ता जवळ आहे काय, किंमत परवडते काय आणि वाद नाही ना. या गोष्टी आवश्यक आहेत, परंतु पुरेशा नाहीत. पूर्वी जमीन सपाट करण्याचे काम कुदळ, फावडे व घमेले यांनी चाले. एका मोसमात थोडेसेच काम होई, मध्ये पावसाळा येई, पाणी कोठून येते व कोठे साचते हे दिसे आणि पुढच्या वर्षी माणूस आपली चूक सुधारी. आज माती उकरणारे यंत्र तेच काम दोन दिवसांत करते. म्हणून चूकही दोन दिवसांतच पुरी होते आणि ती सुधारण्यास पुढे फुरसत मिळत नाही. यंत्र वाईट नव्हे; मात्र यंत्राच्या वेगामुळे पाहणीचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या पाठाचा सारांश एका वाक्यात सांगावयाचा तर असा : जमिनीचे रूप बदलण्यापूर्वी तिच्यावरून व तिच्या पोटातून पाणी कसे जाते ते पाहावे आणि आपली आखणी त्या वाटेला धरून करावी.

माळीण आणि आमडे : दोन धडे

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा घसरून आला. सुमारे दीडशे माणसे मातीखाली गाडली गेली. भूवैज्ञानिकांनी या दुर्घटनेची जी कारणे दिली त्यांत सतत कोसळणारा पाऊस, उतारावरील झिजलेल्या खडकाचा व मातीचा थर, त्या उतारावर शेतीसाठी झालेले सपाटीकरण आणि पाण्याच्या निचऱ्याची उणीव यांचा उल्लेख होता. एकाच कारणाला सर्व दोष देणे योग्य होणार नाही. डोंगरउतारावर अन्नासाठी खाचरे करणारा शेतकरी हा काही अपराधी नव्हे. परंतु उतारावर सपाट पायरी केली म्हणजे पूर्वी वरून वाहून जाणारे पाणी तेथे थांबते व मुरते, आणि मुरलेल्या पाण्याने जड व निसरडी झालेली माती खाली सरकू शकते, एवढे तरी या घटनेने आपल्याला शिकविले.

दुसरा धडा याच गावाचा आहे, पण तो कमी लोकांना ठाऊक आहे. माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले व एप्रिल २०१७ मध्ये घरे लोकांच्या ताब्यात देण्यात आली. त्याच वर्षी जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात तेथे काही ठिकाणी भराव खचला, रस्ते व गटारे ढासळली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. एका संकटातून उठलेल्या लोकांच्या मनात पुन्हा भीती उभी राहिली, ही हानी मात्र लहान म्हणता येणार नाही. घरे नवी होती, बांधकाम पक्के होते. परंतु उतारावर घातलेल्या नव्या भरावाला आणि नव्या गटारांना पावसाची कसोटी अजून लागावयाची होती. पक्के घर कच्च्या जमिनीवर उभे केल्यास ते पक्के राहत नाही, हा दुसरा धडा होय.

आता हे काम पायरीपायरीने कसे करावे ते पाहू. समजण्यास सोपे जावे म्हणून आपण एक उदाहरण घेऊ. एका गावाने ३० कुटुंबांच्या घरांसाठी १ हेक्टर, म्हणजे १०० मीटर लांब व १०० मीटर रुंद असा गट निवडला आहे. त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा ६ मीटर उंच आहे. वरच्या अंगाला ४ हेक्टर माळरान असून त्याचे पाणी याच गटाकडे उतरते. हा गट आपण शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवू.

पहिली पायरी : कागद व जाणत्यांचा सल्ला

प्रथम सातबाराचा उतारा, गटाचा नकाशा व गावनकाशा मिळवावा. गावनकाशावर ओढे, नाले, पाणंद व शिवाररस्ते दाखविलेले असतात. पुष्कळदा जमिनीवर बुजलेला ओहोळ नकाशावर स्पष्ट दिसतो. असा ओहोळ आढळल्यास तो मेला असे समजू नये. मोठ्या पावसात तो आपली जुनी वाट पुन्हा धरतो. हद्दीबद्दल शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि हद्दीच्या खुणा कायम कराव्यात. शेतजमिनीचा वापर घरांसाठी करावयाचा असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याखालील तरतुदी लागू होतात. या तरतुदींत गेल्या काही वर्षांत अनेक बदल झाले आहेत. म्हणून शेजाऱ्याने पूर्वी कसे केले यावर न विसंबता तहसील कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावा.

जागा नदीकाठी असल्यास पूररेषा पाहणे अगत्याचे आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल अशा दोन रेषा आखतो. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा होय. १०० वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत येणार नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर पाहिला आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाहिला.

कागद पाहून झाल्यावर गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना विचारावे. पाणी कोठवर चढले होते, कोणत्या शेतात वाफसा सर्वांत उशिरा येतो, कोठे बैल रुततात, कोणती विहीर आधी भरते, याची माहिती त्यांच्याइतकी कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. आपल्या पूर्वजांनी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असा भेद केला होता : काळी ती पेरण्याची, पांढरी ती राहण्याची. या भेदामागे केवळ रूढी नव्हती. चांगली पिकणारी भारी काळी जमीन घराच्या पायाला बहुधा वाईट असते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

दुसरी पायरी : उतार मोजणे

डोळ्यांना सपाट वाटणारी जमीन क्वचितच सपाट असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समपातळी रेषा २० मीटरांच्या अंतराने असतात. संपूर्ण डोंगराचे पाणी कोणीकडे जाते हे त्यावरून कळते, परंतु १ हेक्टरच्या गटासाठी ते पुरेसे नाही. येथे आपण स्वतः माप घेतले पाहिजे. डंपी लेव्हल व ती चालविणारा माणूस मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास नळीच्या पाणसळीने काम भागते.

त्यासाठी २० मीटरांहून थोडी लांब अशी पारदर्शक नळी व सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या २ मीटर उंचीच्या दोन काठ्या घ्याव्यात. नळीत पाणी भरून बुडबुडे पूर्णपणे काढून टाकावेत व नळीची टोके काठ्यांना बांधावीत. दोन्ही टोकांतील पाणी नेहमी एकाच पातळीत राहते. वरच्या काठीवर पाणी ४० सेंटिमीटरवर व २० मीटर खालच्या काठीवर १६० सेंटिमीटरवर आले, तर या दोन ठिकाणांत १२० सेंटिमीटरचा उतार आहे, म्हणजे शेकडा ६ चा उतार आहे, असे समजावे. आपल्या गटावर दर २० मीटरांस एक याप्रमाणे उभ्या-आडव्या ओळींत ३६ खुंट्या होतील. दोन माणसे व एक टिपण करणारा विद्यार्थी यांना हे काम एका दिवसात करता येते. सारख्या उंचीच्या ठिकाणांना कागदावर रेषेने जोडले की समपातळी रेषा तयार होतात. या रेषांना काटकोनात उतारावरून पाणी धावते. म्हणून हा कागद म्हणजे पाण्याच्या वाटेचाच नकाशा होय.

आखणी करताना काटकोन साधण्यासाठी दोरीचे १२ समान भाग करून ३, ४ व ५ भागांचा त्रिकोण ताणावा. ३ व ४ भागांमधील कोपरा बिनचूक काटकोन होतो.

तिसरी पायरी : पाण्याचा हिशेब

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी झाले. यावरून १ हेक्टर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास १० लाख लिटर पाणी होते. मोकळ्या रानात यापैकी बराच भाग मुरतो. छपरे, अंगणे व रस्ते झाले की मुरणारे पाणी कमी होते व धावणारे वाढते. म्हणून आज ज्या ओघळीत गुडघाभर पाणी नाही, ती वस्ती झाल्यावर अपुरी पडू शकते.

गटाच्या वरून येणारे पाणी हा याहून मोठा प्रश्न आहे. त्याचा अंदाज करण्याची सोपी रीत अशी : वरच्या क्षेत्राचे हेक्टर, पावसाचा तासाला मिलिमीटरमधील वेग आणि न मुरता वाहून जाणारा अंश यांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागावे. उत्तर दर सेकंदाला घनमीटर असे येते. आपल्या उदाहरणात वर ४ हेक्टर माळरान आहे. जोराच्या सरीचा वेग तासाला ६० मिलिमीटर व वाहून जाणारा अंश ०.६ धरला, तर ४ × ६० × ०.६ ÷ ३६० = ०.४ घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला ४०० लिटर पाणी आपल्या ३० घरांच्या दारात येईल. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाचा वेग यापेक्षा जास्त धरला पाहिजे.

हे पाणी घरांच्या मधून जाऊ न देता वरच्या कडेलाच अडवून बाजूला वळवावे. त्यासाठी गटाच्या वरच्या हद्दीला समांतर असा वळणचर खोदावा. तळाची रुंदी ४० सेंटिमीटर, बाजूंचा उतार १:१ आणि चरास दर २०० मीटरांत १ मीटर उतार दिल्यास, ५० सेंटिमीटर खोल वाहणारे पाणी वरील ४०० लिटरांचा भार नेऊ शकते. वर १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून चर ६५ सेंटिमीटर खोल करावा. उतार फार दिला तर पाणी चराचा तळ खाते. फार कमी दिला तर गाळ साचून चर भरतो. बाजूंवर गवत वाढू द्यावे आणि दरवर्षी रोहिणी नक्षत्रापूर्वी गाळ काढावा. जेथे अशा चराखालचा डोंगरच भुसभुशीत आहे तेथे चरातील पाणी मुरणे घातक ठरते. अशा ठिकाणी चराला दगडी फरसबंदी किंवा पक्के अस्तर असावे.

चराचे तोंड कोठे सोडावयाचे हे चर खोदण्यापूर्वीच ठरविले पाहिजे. ते नैसर्गिक ओढ्यातच सोडावे व तोंडाशी दगड बसवावेत, म्हणजे घळ पडणार नाही. आपले पाणी शेजाऱ्याच्या शेतात लोटणे हा पाण्याचा बंदोबस्त नव्हे. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविल्यास तो मोकळा करण्याचा आदेश १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तहसीलदाराला देता येतो. परंतु कायद्याची पायरी चढण्याची वेळ येऊ न देता दोन्ही शेतकऱ्यांनी बांधावर उभे राहून वाट ठरविणे अधिक श्रेयस्कर आहे.

चौथी पायरी : मातीच्या पोटात पाहणे

वरची माती पाहून खालचा अंदाज बांधू नये. आपल्या १ हेक्टर गटावर चार कोपऱ्यांत चार व मध्ये एक असे पाच खड्डे, दीड ते दोन मीटर खोल, घ्यावेत. प्रत्येक खड्ड्यात काळी माती किती, मुरूम किती खोलीवर लागतो, मांजऱ्या की कठीण पाषाण, आणि पाणी कोठे पाझरते, हे टिपून ठेवावे. भुसभुशीत मातीत खड्ड्याची बाजू ढासळून माणूस गाडला जाण्याचा संभव असतो. म्हणून बाजूंना पुरेसा उतार द्यावा, एकट्याने आत उतरू नये आणि काम संपताच खड्डे बुजवावेत किंवा कुंपण घालून सुरक्षित करावेत.

भारी काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. भेगांतून काठी सहज खोल जाते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. जमीन जेव्हा अशी वर-खाली होते तेव्हा तिच्यावरील हलकी भिंत तिच्याबरोबर हलते व तडकते. अशा मातीची एक परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. वाळवून, बारीक करून चाळलेली १० घनसेंटिमीटर माती मोजनळीत पाण्यामध्ये व तेवढीच दुसऱ्या मोजनळीत रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलमधील मातीपेक्षा निम्म्याहून अधिक वाढले असेल, उदाहरणार्थ १० चे १५ वर गेले असेल, तर ती माती पायासाठी धोक्याची समजून अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

मुरूम जवळ असल्यास काळी माती पूर्ण काढून पाया मुरमावर न्यावा. मुरूम खोल असल्यास टोकाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया घालता येतो. रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने काळ्या मातीसाठी या प्रकारच्या पायाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. हे काम मात्र जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नये. घराभोवती किमान १ मीटर रुंदीची पक्की पडवी किंवा फरसबंदी करून पाणी पायापासून दूर न्यावे व मोठी वाढणारी झाडे भिंतीला लागून लावू नयेत. त्यांची मुळे मातीतील ओल शोषून ती असमान आकसवितात.

जागेची पाहणी एकदा उन्हाळ्यात व एकदा भर पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यात खड्डे घेणे सोपे असते. परंतु जमिनीचा खरा स्वभाव श्रावणातच कळतो. जागा घेण्यास एक पावसाळा थांबावे लागले तरी चालेल. घर झाल्यावर तीस पावसाळे त्रास सोसणे परवडणार नाही.

पाचवी पायरी : खोदाई व भराव

आता आपल्या गटावर दोन प्रकारे काम करता येईल. पहिला प्रकार असा की, सर्व १ हेक्टर एकाच पातळीत सपाट करावयाचा. वरचा अर्धा भाग खोदून खालच्या अर्ध्या भागावर टाकावा लागेल. वरच्या कडेला ३ मीटर खोदाई, खालच्या कडेला ३ मीटर भराव, आणि एकूण ७,५०० घनमीटर माती हलवावी लागेल. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ३ घनमीटर माती धरली तर या २,५०० खेपा झाल्या. शिवाय वर ३ मीटरांचा उघडा कडा व खाली ३ मीटरांचा कच्चा भराव कायमचा तयार झाला. अर्धी घरे या भरावावर येतील.

दुसरा प्रकार असा की, उतार आहे तसा ठेवून प्रत्येक घरापुरता १० मीटर लांब व १० मीटर रुंद ओटा करावयाचा. शेकडा ६ च्या उतारावर १० मीटरांत ६० सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणजे वरच्या कडेला ३० सेंटिमीटर खोदाई व खालच्या कडेला ३० सेंटिमीटर भराव पुरतो. एका ओट्याला साडेसात घनमीटर आणि ३० ओट्यांना मिळून २२५ घनमीटर माती हलेल. या केवळ ७५ खेपा झाल्या. रस्त्यांची खोदाई धरली तरी पहिल्या प्रकाराशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पैसा वाचतो, माती जागेवर राहते आणि पाण्याची वाट मोडत नाही. सपाट मैदानाची हौस किती महाग पडते, हे या हिशेबावरून कोणाच्याही लक्षात येईल.

जेथे भराव करावाच लागतो तेथे पुढील नियम पाळावेत.

१. प्रथम वरचा १५ ते २० सेंटिमीटर मातीचा थर काढून बाजूला ढीग करून ठेवावा. हीच पिकाऊ माती होय. ती भरावात गाडू नये. काम संपल्यावर परसबागेत, झाडांच्या आळ्यांत किंवा शेजारच्या हलक्या शेतात पसरावी. एक बोटभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात.

२. झाडांची मुळे, पालापाचोळा व गवत भरावाखाली ठेवू नये. ते कुजून पोकळी होते व जमीन खचते.

३. उतारावर भराव टाकण्यापूर्वी मूळ जमिनीत पायऱ्या खोदाव्यात, म्हणजे नवी माती जुन्या मातीवरून घसरणार नाही.

४. भराव सुमारे २० सेंटिमीटरांच्या थरांनी घालावा. प्रत्येक थर ओलसर करून चांगला धुमसावा, मगच पुढचा थर घालावा. ट्रॉलीने ओतून वरून सपाट केलेला ढीग म्हणजे भराव नव्हे.

५. घराचा पाया भराव ओलांडून मूळच्या घट्ट जमिनीत न्यावा. अर्धी भिंत खोदाईवर व अर्धी भरावावर उभी राहिली, तर दोन्हींच्या मधोमध तडा जातो.

६. भरावाला आधार देणाऱ्या भिंतीत पाणी निघण्यासाठी भोके ठेवावीत व भिंतीमागे दगडगोट्यांचा थर घालावा. भिंत मातीच्या भाराने जितकी पडत नाही तितकी मागे कोंडलेल्या पाण्याच्या भाराने पडते.

सहावी पायरी : कोठे काय असावे

आखणीत रस्ते प्रथम ठरवावेत. मुख्य रस्ता समपातळी रेषांच्या जवळून, सौम्य उताराने न्यावा. उभ्या उताराने सरळ खाली येणारा रस्ता पावसाळ्यात ओढा होतो. जेथे रस्ता ओहोळ ओलांडतो तेथे मोरी किंवा फरशी बांधावी आणि मोरीचे माप वर सांगितलेल्या हिशेबाने ठरवावे. नळ स्वस्त मिळाला म्हणून लहान घालू नये. आग लागल्यास बंब व आजाऱ्यासाठी रुग्णवाहिका दारापर्यंत येऊन परत वळू शकेल, एवढी जागा ठेवावी.

पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा विंधनविहीर वस्तीच्या वरच्या अंगाला असावी. शौचालयाचे शोषखड्डे, गोठा, उकिरडा व सांडपाण्याची जागा खालच्या अंगाला असावी. विहीर व शोषखड्डा यांत किमान २० मीटर अंतर ठेवावे. आपल्याकडील काळ्या पाषाणाला फटी असतात व घाण पाणी फटींतून न गाळले जाता दूरवर जाते. म्हणून असा खडक जवळ असल्यास हे अंतरही पुरेसे मानू नये व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. गोठ्याची जागा ठरविताना वाऱ्याची दिशा पाहावी, म्हणजे वास व माश्या घराकडे येणार नाहीत. ओहोळाच्या दोन्ही कडांना मोकळा पट्टा सोडावा. तेथे झाडे लावावीत, घर बांधू नये.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वरचा वळणचर व पाण्याचे निकास, नंतर रस्ते व गटारे, त्यानंतर ओटे व पाया, आणि शेवटी घरे. हा क्रम उलटा केल्यास उघडी केलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते. शक्य असेल तेथे मातीकाम संपवून एक पावसाळा जाऊ द्यावा, भराव कोठे बसतो ते पाहावे व मग बांधकाम करावे.

डोंगराच्या पायथ्याशी विशेष काळजी

रायगड जिल्ह्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी व इर्शाळवाडी येथे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या. प्रत्येक दरड माणसाच्या खोदाईने कोसळते असे नाही. अतिवृष्टीत डोंगर स्वतःही सुटतो. म्हणून तीव्र उताराच्या पायथ्याशी किंवा घळीच्या तोंडाशी नवी वस्ती वसवूच नये. डोंगराचा पाय कापून जागा वाढविणे म्हणजे शिडीचा खालचा आधार काढून घेण्यासारखे आहे.

जुन्या वस्तीतील लोकांनी पुढील खुणा ओळखाव्यात : डोंगरावर चंद्रकोरीच्या आकाराची नवी भेग पडणे; झाडे व विजेचे खांब कलणे; दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे; नव्या ठिकाणी झरा फुटणे किंवा नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा थांबणे; डोंगरातून गडगडाट ऐकू येणे. यांपैकी खुणा जोराच्या पावसात दिसल्यास कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता मुलेबाळे, वृद्ध व आजारी यांना घेऊन बाजूच्या सुरक्षित जागी जावे. घळीच्या दिशेने खाली पळू नये. जनावरांचे दावे सोडून द्यावे आणि तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे

ग्रामकार्यकर्त्याने अभियंत्याची जागा घ्यावी अशी अपेक्षा नाही. योग्य प्रश्न योग्य वेळी विचारणे आणि अभियंता व भूवैज्ञानिक यांना काम सुरू होण्यापूर्वी बोलाविणे, हे त्याचे काम होय. ग्रामसभेत जागेचा ठराव येईल तेव्हा त्याने पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

१. गावनकाशावर या गटात ओढा, नाला किंवा पाणंद आहे काय? पूररेषा पाहिली काय?

२. गटाचा उतार मोजून समपातळी रेषा काढल्या काय?

३. वरून येणारे पाणी किती, ते कोठे वळवावयाचे आणि कोठे सोडावयाचे?

४. मातीचे खड्डे घेतले काय? मुरूम किती खोल आहे? पावसाळ्यात पाणी किती वर येते?

५. किती माती खोदावी लागेल व किती भराव पडेल? कोणते घर भरावावर येते?

६. विहीर वर व शोषखड्डे खाली आहेत काय? अंतर किती आहे?

७. वरच्या डोंगराची पाहणी भूवैज्ञानिकाने केली आहे काय?

८. जागेची पाहणी एकदा तरी भर पावसात झाली आहे काय?

या आठ प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नसेल तर यंत्र बोलावण्याची घाई करू नये. नळी, दोन काठ्या, कुदळ, एक वही आणि गावातील जाणत्या माणसांचे दोन तास, एवढ्यावर यांपैकी पुष्कळ उत्तरे मिळण्यासारखी आहेत. त्यांना खर्च जवळजवळ नाही. ती न मिळविण्याचा खर्च मात्र माळीणने पाहिला आहे.

बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नसतो, हे शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करून वाफसा पाहणारा शेतकरी घराच्या जागेबाबत घाई करतो, तो केवळ पाहण्याची रीत ठाऊक नसल्यामुळे. ती रीत या पाठात दिली आहे. या पावसाळ्यात आपल्या गावाच्या प्रस्तावित जागेवर पहिली मोठी सर पडेल त्या वेळी छत्री घेऊन तेथे उभे राहावे, पाणी कोठून येते व कोठे जाते ते वहीत रेखाटून ठेवावे. आखणीची खरी सुरुवात त्या रेखाटनापासून होते.